अत्तराला भ्यालेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. पण जुनी म्हणजे झिजलेली नव्हे. झिजण्याची संधी मला फारशी मिळालीच नाही. टेक्सासमध्ये अर्विंग गावाबाहेर सुरक्षा खात्याने भाड्याने घेतलेले एक गोदाम आहे. तिथे गेली काही वर्षे मी बहुतेक काळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली उभी आहे. माझ्या मागे माझ्या बहिणींची रांग आहे. त्यांतल्या बऱ्याच जणींचे प्लास्टिक कारखान्यातून निघाल्यापासून कोणी सोडलेलेच नाही. उन्हाळ्यात आम्हाला उष्णता बाधू नये म्हणून गोदाम रात्रंदिवस थंड ठेवतात. ज्यांना काही काम नाही, त्यांची इतकी काळजी घेतलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

माझे काम समजायला सोपे आहे. विमानतळावरचा प्रवासी माझ्यात येऊन क्षणभर उभा राहिला, की मी चहूबाजूंनी त्याच्या अंगावर हवेचे झोत सोडते. कपड्यांवरून आणि हातांवरून उडालेले कण मी आत ओढून घेते आणि त्यांत स्फोटकाचा अंश आहे का, हे हुंगून सांगते. नसेल तर हिरवा दिवा लागतो. असेल तर तांबडा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. समोरचा माणूस कोण, कुठला, कशासाठी निघाला, हे मला कळत नाही. मला फक्त वास कळतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. माझ्या आयुष्यातला सगळा घोळ, लोक ती विसरले म्हणून झाला.

माझा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीजवळच्या एका कारखान्यात झाला. माझे धातूचे अंग अनेकांनी जोडले, पण माझे नाक एकट्या नकुलने घडवले. नकुल पुण्याचा, कामाच्या व्हिसावर आलेला अभियंता. नाकाची तार न तार जुळवताना तो माझ्याशी बोलत असे. "चल बाई, हुंग बघू नीट. हा काय आहे? साबण. साबणाला घाबरायचं नाही." कारखान्यात बाकी सगळे इंग्रजी बोलत. मला जी भाषा आपली वाटते, ती मात्र त्याची.

माझी परीक्षा एका स्वच्छ खोलीत झाली. तिथली हवा गाळलेली, जमीन आरशासारखी. ज्या कर्मचाऱ्यांना माझ्यातून चालत जायचे होते, त्यांना आदल्या दिवशीच सूचना होती : सुगंधी साबण नको, मलम नको, अत्तर तर मुळीच नको. कोणाच्या बाहीला स्फोटकाचा कण लावायचा, हेही ठरलेले होते. माझा निकाल शंभर टक्के लागला. मित्रांनो, कोरड्या हौदात पोहण्याची परीक्षा घेतली तर कोणीच बुडत नाही. त्यावरून पोहता येते असा निष्कर्ष काढणे हे मात्र धाडसाचे.

एका व्यक्तीने तसे म्हटलेही. सुरक्षा खात्यातल्या रसायनतज्ज्ञ प्रतिमा त्या दिवशी हजर होत्या. जन्म अमेरिकेतला, आईवडील मराठी. केस घट्ट बांधलेले आणि प्रश्नही तसेच. खात्याचे खरेदी-प्रमुख डॉयल साहेब टाळ्या वाजवत असताना त्यांनी विचारले, "हिला एखाद्या चालत्या विमानतळावर एक हंगाम ठेवून पाहिलं का? धूळ, दमट हवा, खरी माणसं?"

"हंगाम संपेपर्यंत सप्टेंबर संपेल आणि त्याबरोबर सरकारी वर्षही," डॉयल साहेब म्हणाले. "या वर्षीचा निधी या वर्षी वापरला नाही तर तो परत जातो. आणि परत गेला की पुढच्या वर्षी वरचे लोक म्हणतात, तुम्हाला गरजच नव्हती."

"म्हणजे आपण गरज आहे म्हणून घेत नाही, निधी आहे म्हणून घेतोय."

"प्रतिमा, तू विज्ञान बघ. कॅलेंडर मी बघतो."

डॉयल साहेब लबाड नव्हते. त्यांनी स्वतःसाठी एक पेन्सिलही उचलली नसती. पण काटकसर करणाऱ्याला पुढच्या वर्षी शिक्षा व्हावी, अशी रीत एकदा बसली की सज्जन माणूसही उधळ्यासारखा वागतो. सप्टेंबर संपण्याआधी आमची खरेदी झाली. जितक्या विमानतळांना आम्ही हव्या होत्या, त्याहून आम्ही पुष्कळ अधिक होतो. म्हणून माझ्या निम्म्याहून जास्त बहिणी कारखान्यातून थेट या गोदामात आल्या.

मी भाग्यवान. मला डॅलसच्या परिसरातल्या एका विमानतळावर उभे केले. पहिल्या दिवशी फीत कापली, छायाचित्रे निघाली. मुलांना मी फार आवडले. हवेचा झोत आला की त्यांचे केस उभे राहत आणि ती पुन्हा रांगेत शिरू पाहत. "मॉम, वन मोअर टाइम," असे ऐकले की मला वाटे, आपण जगात काही तरी बरे करतो आहोत.

मग टेक्सासची धूळ माझ्या जाळ्यांत बसू लागली. धावपट्टीवरचा इंधनाचा वास आत येई. पावसाळी हवेत माझे नाक चोंदे. कधी हिरवा दिवा लागायला इतका वेळ लागे, की रांग बाहेरच्या दारापर्यंत जाई. मला साफ करायला माणूस मॅसॅच्युसेट्सहून बोलवावा लागे.

आणि मग संक्रांतीचा महिना आला. अर्विंगमध्ये मराठी घरे बरीच आहेत आणि त्या महिन्यात दर शनिवार-रविवारी कोणाकडे तरी हळदीकुंकू असते. माझ्यासमोर साड्या नेसलेल्या, कपाळी कुंकू लावलेल्या बायका येऊ लागल्या आणि त्यांतल्या कित्येकींना हुंगून माझा तांबडा दिवा लागू लागला. मी खोटे बोलत नव्हते. माझ्या नाकाला खरोखरच टीएनटी नावाच्या स्फोटकाचा वास येत होता. चौकीवरच्या अधिकाऱ्यांनी मात्र भलताच अर्थ काढला. कुंकू दिसले, की माझ्यातून जाण्याआधीच ते पिशवी उघडायला सांगू लागले. दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण, हा माणसांचा फार आवडता समज आहे.

एके दिवशी एक ठेंगण्या, सत्तरीच्या बाई आल्या. माझा भोंगा वाजला. त्यांना बाजूला घेतले, चपला काढायला लावल्या, डबा उघडला. अधिकाऱ्याने कापडाची पट्टी घेऊन तिळाचा एकेक लाडू पुसून तपासला.

"नुसता पुसू नकोस रे बाबा, खा एखादा," बाई त्याला इंग्रजीत म्हणाल्या. "आणि मग गोड बोल. तशी आमची पद्धत आहे."

त्याला खाण्याची परवानगी नव्हती. तो जरा हसला, इतकेच. बाईंचे विमान तोवर निघून गेले होते. माझ्याशेजारच्या बाकावर बसून चपला घालता घालता त्यांनी फोन लावला.

"प्रतिमा, मी आई बोलतेय. हो, अजून इथेच. अगं, तुझ्या त्या मशीनने मला बॉम्ब ठरवलं." पलीकडून काही तरी विचारले गेले. "हातांना? हातांना काय असणार? सरळ वीणाच्या हळदीकुंकवाहून आले. हळदकुंकू, गुलाबपाणी, अत्तर. कसलं म्हणजे? कस्तुरीचं. खऱ्या कस्तुरीचं कुठलं, बाटलीतलं, स्वस्तातलं."

पलीकडून तोच प्रश्न पुन्हा आला. "कस्तुरीचं गं, कस्तुरीचं," बाई म्हणाल्या.

त्या एका शब्दावरून प्रतिमांना काय उमगले, ते मला पुढे गोदामात कळले. बाजारातल्या स्वस्त कृत्रिम कस्तुरीत एक जातीचे रसायन असते. त्याची घडण टीएनटीच्या घडणीशी इतकी मिळतीजुळती, की दोघी चुलत बहिणी शोभाव्यात. एक फुटते, दुसरी नुसती दरवळते. माणसाच्या नाकाला तो फरक कळतो; माझ्या नाकाला कळत नव्हता. आणि माझ्या परीक्षेच्या खोलीत अत्तराला बंदी होती.

प्रतिमांनी ते कार्यालयात सांगितले. उत्तर आले की प्रवाशांनी अत्तर लावू नये, अशी पाटी लावता येईल. पाटी लागण्याआधीच रांगांच्या तक्रारी वाढल्या आणि मला गोदामात हलवले. इथे माझी स्तुती करणारे कोणी नव्हते आणि निंदा करणारेही. उपेक्षा म्हणतात ती हीच असावी.

काही वर्षे गेली. मग एका ऑगस्टमध्ये माझ्यावरचे प्लास्टिक निघाले. समोर नकुल उभा होता, आता कानशिलांवर थोडा पांढरा. त्याच्या शेजारी प्रतिमा. खाते आमच्या कंपनीचे नवे, सुधारित मॉडेल घेणार होते. पुन्हा मोठी संख्या, पुन्हा सप्टेंबर. सह्या होण्याआधी डॉयल साहेब इथेच प्रात्यक्षिक पाहणार होते. नवी चौकट बिघडली तर पर्याय म्हणून मलाही स्वच्छ करून ठेवायचे होते.

"प्रतिमाताई, एक विचारू?" नकुल माझी जाळी काढत म्हणाला. "उद्या तुम्ही ते अत्तराचं काढणार आहात ना?"

"Yes. का?"

"ही ऑर्डर कॅन्सल झाली तर आमचं युनिट बंद होतंय. माझा व्हिसा कंपनीचा आहे. साठ दिवसांत दुसरा जॉब नाही मिळाला तर गाशा गुंडाळायचा. बायकोनं आत्ता कुठे नर्सिंगचा कोर्स सुरू केलाय."

प्रतिमांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "मी तुला खोटं सांगणार नाही, नकुल. टेस्ट मी करणार. पण सह्या होईपर्यंत नवं मशीन कंपनीचं आहे, त्याला मला हात लावता येत नाही; मी फक्त या जुन्याची टेस्ट करू शकते. नव्याचं नाक आतून कसं आहे, ते तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

"तेच तर," नकुल म्हणाला आणि माझी जाळी पुसत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉयल साहेब आले, त्यांचे सहकारी आले, कंपनीचे विक्री-अधिकारी आले. प्रतिमांबरोबर त्यांच्या आई, त्याच तिळाच्या लाडवांच्या रत्नाकाकू, आल्या. त्यांच्या हातात दोन लहान कुप्या होत्या.

"ही बाई आपल्या खात्यात आहे का?" डॉयल साहेबांनी विचारले.

"नाही, ही माझी आई. एका कुपीत कस्तुरी आहे, एकीत साधं चंदनाचं तेल. कोणाला काय लागलं, ते फक्त तिला माहीत असेल. मला नाही, तुम्हाला नाही, मशीनला तर नाहीच." आणि प्रतिमा भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

काकूंनी एकेकाचा हात हातात घेतला. "असा नाही हो, पालथा. हां. एवढे मोठे साहेब, कोणी कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही वाटतं?"

"काकू, पुरुषांना नसतं बोलवत," नकुल हळूच म्हणाला.

"म्हणूनच हे असे राहिलेत."

सगळे माझ्यातून गेले. काहींना हिरवा दिवा, काहींना तांबडा. डॉयल साहेबांना तांबडा. भोंग्याखाली उभे राहून त्यांनी आपल्याच हाताकडे पाहिले.

"मी स्वयंपाकघरात काडीपेटीही नीट पेटवू शकत नाही," ते म्हणाले.

"मीही तुमच्या माणसांना हेच सांगत होते," काकू म्हणाल्या. "माझं विमान गेलं."

मग त्यांनी कस्तुरी कोणाकोणाला लावली, ते सांगितले. तांबडे दिवे नेमके त्यांनाच लागले होते. एकही कमी नाही, एकही अधिक नाही.

विक्री-अधिकारी घाईने पुढे झाले. हे जुने मॉडेल. नव्याची गोष्टच वेगळी, त्याचे सगळे काही नव्याने घडवले आहे, असे ते सांगू लागले. डॉयल साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले आणि नकुलकडे वळले. "नाक तू बनवलंस ना? नव्याचं वेगळं आहे?"

विक्री-अधिकारी नकुलकडे पाहत होते. प्रतिमा पाहत नव्हत्या. त्या अजूनही भिंतीकडे तोंड करूनच उभ्या होत्या. नकुलने माझ्या कडेवर हात ठेवला होता.

"डबा नवा आहे, सर," तो म्हणाला. "नाक तेच आहे."

त्या सप्टेंबरात सह्या झाल्या नाहीत. निधी परत गेला. वरून बोलणी खावी लागतील, असे डॉयल साहेब म्हणाले. पण जाताना त्यांनी हात धुतला नाही, तर एकदा हुंगून पाहिला. आता एक नवी चौकट आणि मी, दोघींना एका चालत्या विमानतळावर पूर्ण हंगाम उभे करणार आहेत; धुळीत, दमट हवेत, अत्तर लावलेल्या खऱ्या माणसांमध्ये. आमची नाके ओळखणारे दुसरे कोणी नसल्याने हंगामभर नकुलला ठेवणार आहेत. पुढे त्याचे काय होईल, ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. प्रतिमा त्याच्यासाठी चार ठिकाणी बोलल्या आहेत.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची निगा राखा, असे सगळ्याच वस्तू सांगतात. मी थोडे वेगळे सांगते. पुसून, झाकून, गारव्यात ठेवणे म्हणजे निगा नव्हे. आम्हाला घेण्याआधी विचारा, आम्ही कुठे चुकतो. जिथे राबायचे तिथेच आमची परीक्षा घ्या आणि परीक्षेत आम्ही पडलो तर ते लपवू नका. ज्या पैशातून आम्ही येतो, तो रांगेत चपला काढून उभ्या असलेल्या माणसांचा असतो.

मी नापास होण्याचा संभव बराच आहे. तरी या प्लास्टिकपेक्षा ते मला पसंत आहे.

आज सकाळी ट्रक यायच्या आधी रत्नाकाकू आल्या होत्या. "सासरी निघालीस, रिकामी कशी धाडू?" असे म्हणून त्यांनी माझ्या कपाळपट्टीवर हळदकुंकवाची बोटे उमटवली आणि कडेला थोडे अत्तर लावले. नकुल तेव्हा माझी हवा तपासत होता. माझा तांबडा दिवा लागला आणि भोंगा वाजू लागला. मी स्वतःलाच पकडले होते.

नकुलने भोंगा बंद केला. अत्तर मात्र पुसले नाही.