सान सिमोनच्या छातीतले दहा ठोके

गुरुवारी दुपारी नव्या संताचा बुवा तात बाउदिल्यो याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मेणबत्त्यांच्या धगीने पुढच्या रांगेतल्या बायका घामाघूम झाल्या होत्या, तरी एकही मागे सरकायला तयार नव्हती. समोर खुर्चीवर तो लाकडी संत, सान सिमोन, बसला होता. डोक्यावर काळी टोपी, अंगात कोट, गळ्यात टाय, मांडीवरून जमिनीपर्यंत सोडलेली रंगीत घोंगडी. कुणी काडी ओढली नाही, कुणी सिगारेट पुढे केली नाही, आणि तरी त्याच्या ओठांतून दालचिनीच्या वासाच्या पांढऱ्या धुराचा लोट बाहेर पडला.

"बघा! विस्तव नाही, राख नाही!" शेजारच्या स्टुलावर बसलेला बाउदिल्यो गरजला. "बाकी गावांतले सान सिमोन परक्याच्या काडीवर ओढतात. आमचा स्वतःच्या श्वासावर ओढतो! तुमचा आजार आत घेतो, धूर करून सोडून देतो. दवाखान्याने केलंय कधी एवढं?"

अंगणभर हात जोडले गेले.

चुइपाक गावात संताने सिगारेट ओढणे ही नवलाची गोष्ट नव्हती. मानकऱ्यांच्या घरातल्या जुन्या सान सिमोनच्या तोंडी रोज सिगारेट दिली जाते. एक म्हातारा ती पेटवतो, राख बशीत झाडतो, आणि लोक चिमूटभर राख कागदात बांधून घरी नेतात. त्यामुळे हा नवा सान सिमोन ओढतो कसा, हे कुणी विचारलेच नाही. लहानपणापासून ओढणारा संत पाहिलेली माणसे ती. त्यांनी एवढेच विचारले, की धूर काय सांगतो?

मग युफेमियाचा नंबर आला. बाजारात ती दालचिनी घातलेले मक्याचे गरम पेय, अतोल, विकते. पाच महिन्यांपूर्वी खोकल्यातून रक्त पडले आणि क्षयरोग निघाला. चार महिन्यांच्या गोळ्या झाल्या होत्या, दोन महिन्यांच्या उरल्या होत्या. रक्त थांबले होते, वजन वाढले होते, पण खोकला पुरता गेला नव्हता. दिवसाच्या बारा सिगारेटीही गेल्या नव्हत्या.

तिने मान खाली घातली. धूर आला नाही.

त्याऐवजी कोटाच्या फटीतून, संताच्या शर्टाआड, डाव्या छातीवर, एक लाल ठिपका उजळला आणि विझला. पुन्हा उजळला. लोक मोजू लागले. "सात... आठ... नऊ... दहा." मग काहीच नाही.

बाउदिल्योने संताकडे पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "संताचं काळीज दहा वेळा धडधडलं, पोरी. दहा दिवस." आणि तिच्या कानाशी वाकून, "गोळ्या खातेस ना? त्यांनीच त्याचा श्वास कोंडला. बंद कर. येत्या गुरुवारी परत ये, मी त्याची समजूत घालतो. मधे एक जरी गोळी गिळलीस तर दहाचे पाच होतील."

घरी परतताना युफेमियाला रस्ता दिसत नव्हता. शुक्रवारी तिने अतोलचे पातेले चढवले आणि ढवळायचेच विसरली. शनिवारी नर्स ओफेलिया गोळ्या घेऊन दारात आली, तेव्हा ती मागच्या खोलीत श्वास रोखून बसून राहिली. खोकला आला तो तिने उशीत दाबला. रविवारी कपाटातली चांगली साडेतीन हात ओढणी काढली आणि नणंदेला दाखवली.

"मला हीच गुंडाळा."

नणंद त्रान्सितोने ओढणी हिसकावून परत कपाटात कोंबली. "वहिनी, गुंडाळायची घाई मला नाही. अगोदर त्या सिगारेटी सोड. संताच्या वाटणीचा धूर तूच फुंकतेस, म्हणून रुसला असेल तो!"

थट्टेत बोललेले युफेमियाच्या मनात रुतले. खरेच असेल. सिगारेट सोडली तर संत एखादा दिवस वाढवून देईल. पण सोडायची कशी? त्रान्सितोचा पुतण्या विजेची सिगारेट ओढतो; ती त्याने शेला नावाच्या शहरातल्या ज्या दुकानातून घेतली, तिथे जायचे ठरले. सोमवारी दोघी बसने निघाल्या. चौथा दिवस.

दुकानातली यादिरा जेमतेम पंचविशीची. "पहिल्यांदाच घेताय? दिवसाला किती ओढता?"

"बारा."

"मग हे भलंमोठं बटणवालं नको, ते ढग सोडून शायनिंग मारणाऱ्यांसाठी. ही छोटी बघा. बटण नाही. ओढली की आपोआप चालू होते. ही डबी बसवायची, यात द्रव भरायचा, दहा मिनिटं आतला कापूस भिजू द्यायचा. नाहीतर जळकट चव येते आणि लोक भांडायला माझ्याकडे येतात. आणि आधीच सांगते, हे औषध नाही. यातही निकोटिन असतं."

तिने नमुन्याची नळी ओढून दाखवली. पांढरा लोट निघाला. त्या वासाने युफेमियाचा हात काउंटरवर गच्च आवळला गेला.

"कसला वास हा?"

"दालचिनी-दूध. खूप खपतो."

रोज पहाटे दालचिनी उकळणाऱ्या बाईला खरी दालचिनी कळते. ही ती नव्हती. पण गुरुवारी संताच्या तोंडून आली होती ती हीच.

यादिराने पुन्हा ओढले. आता धूर आला नाही. नळीच्या अंगावर लाल ठिपका लुकलुकू लागला. युफेमियाच्या ओठांवर आपोआप आकडे आले. दहा झाले आणि ठिपका विझला.

"वहिनी!" त्रान्सितोने तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवले. "अगं, पांढरीफटक पडलीस!"

"हे... हे काय झालं?"

"काही नाही हो, चार्ज संपला," यादिरा म्हणाली. "या जातीची सगळी यंत्रं दहा वेळा लुकलुकतात आणि बंद पडतात."

"ओढायला माणसाचं तोंडच लागतं?"

"नाही. हवा खेचली गेली की बास. तोंड कुणाचं ते तिला काय कळतंय!"

परतीच्या बसमध्ये तसलीच एक नवी नळी युफेमियाच्या पिशवीत होती. सगळे कळले होते, तरी भीती जागची हलली नव्हती. संध्याकाळी तिने स्वतःहून ओफेलियाचे दार ठोठावले आणि घडले ते सांगितले. ओफेलियाने गोळी तिच्या हातावर ठेवली. ती तोंडापर्यंत गेली, पण आत जाईना. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बाउदिल्योचे "पाच" डोक्यात ठाण मांडून बसले होते.

गुरुवार उजाडला. सातवा दिवस. अंगण पुन्हा भरले. युफेमियासोबत या वेळी ओफेलिया आणि त्रान्सितोही आल्या होत्या. एका म्हाताऱ्यासाठी संताने भसाभसा धूर सोडला आणि बाउदिल्योने युफेमियाला खुणावले.

"तात, मला चिमूटभर राख हवी," ती म्हणाली.

"आमचा संत राख टाकत नाही!"

"मग कोट उघडते."

"हात लावलास तर हात झडेल!"

युफेमियाने एकेक करून बटणे काढली. शर्टाआड तीच छोटी नळी, तोच लाल दिवा. तिच्या टोकाला एक रबरी फुगा, फुग्यातून एक बारीक नळी संताच्या तोंडात गेलेली. ओफेलियाने घोंगडी उचलली. फुग्यावर बसवलेल्या फळीला बांधलेली दोरी खुर्चीखालून थेट बाउदिल्योच्या टाचेपर्यंत आली होती. टाच दाबली की दोरी ताणली जाऊन फळी फुगा दाबायची.

"हा रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आहे," ओफेलिया म्हणाली. "याला एकेरी झडपा असतात. दाबला की पुढे सोडतो, सुटला की मागून खेचतो. त्याने खेचलं, की सिगारेटला वाटतं कुणी ओढतंय." तिने फुगा दाबला. सान सिमोनने धूर सोडला. मघाच्या म्हाताऱ्यानेही दाबला. त्याच्यासाठीही सोडला.

"हे संतानेच मागवलं माझ्याकडून!" बाउदिल्यो ओरडला.

"मग चार्जरही मागायचा होता त्याने!" त्रान्सितो म्हणाली. "त्या दिवशी बॅटरी संपली, आणि यांनी माझ्या वहिनीचे दिवस संपवले!"

कुणीतरी हसले, पण फार जण नाही. बायका युफेमियाकडे बघत होत्या. तिने पिशवीतून गोळ्या काढल्या. पाच दिवस कधीच उलटून गेले होते. बाउदिल्योच्या हिशोबाने गोळी गिळताच तिने जागीच कोसळायला हवे होते. तिने डोळे मिटले, गोळी गिळली आणि उभी राहिली. अंगण वाट बघत राहिले. मेणबत्त्या तडतडल्या. युफेमिया एकदा खोकली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "घसा कोरडा पडला होता."

तोवर बाउदिल्यो मागच्या दाराने निघून गेला होता.

"चुकलेल्या दिवसांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारू," ओफेलियाने वाटेत बजावले. "आणि ती नवी नळीही तुझ्या फुप्फुसांना नको. सिगारेट सुटत नसेल तर त्याचेही उपाय दवाखान्यात आहेत. एक बुवा सोडून दुसरा धरू नकोस."

अकराव्या दिवशी सकाळी युफेमिया नेहमीच्या जागी अतोल ढवळत होती. विजेची सिगारेट तिने गाड्यावर उघडी ठेवली होती, चार्ज न करता. कुणी बाउदिल्योचे नाव काढले, की ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "ओढून बघ, आणि मोज." दिवा दहा वेळा लुकलुकून विझायचा. गिऱ्हाईक दचकायचे. ती पेला भरून पुढे करायची.

"घाबरलास? मीही घाबरले होते. घाबरायला हरकत नाही. पण कुणी तुझे दिवस मोजून द्यायला लागला, तर आधी त्याचं यंत्र उघडून बघ."