शेतकऱ्यांच्या ओळीतल्या चार बाया

सोजराबाई बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. शेजारी त्यांची सून मंजुश्री मोठा तक्ता पसरून बसली होती. ती बुलढाण्याच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं एम.एस्सी. करत होती. धाड गावच्या घराघरांत फिरून कोण काय काम करतं ते तिनं लिहून आणलं होतं. प्रकल्प शनिवारी द्यायचा होता. नाही दिला, तर वर्ष गेलं.

"यात तुले पाह्याचं काय असते?"

"बाई-पुरुष असण्याचा कामाशी संबंध नसता, तर प्रत्येक कामात बायांचं प्रमाण सारखंच आलं असतं, आत्या. ते किती बिघडलंय, आणि नुसत्या योगायोगानं तर नाही ना, हे चाचणी सांगते. आपल्याकडे भलतंच बिघडलंय. सर म्हणाले, इतका ठळक निकाल कोणाला मिळत नाही."

"शेतकऱ्यात बाया किती निंगाल्या?"

"चार."

सोजराबाईंचा हात थांबला. लग्न होऊन त्या या गावात आल्या, त्या साली सारं शिवार बायांनी भरलेलं होतं. तिफणीमागं सरत्याची नळी धरून तूर पेरायला बाया, निंदायला बाया, कापूस वेचायला बाया. बांधावरच्या बाभळीला झोळी, झोळीत कोणाचं तरी लेकरू, आणि एकीनं गाणं धरलं की पार दुसऱ्या वावरापर्यंत जायचं. गाणी गेली, ट्रॅक्टर आले. निंदण मात्र बायांचंच राहिलं. आणि एवढ्या गावात चार?

"कोन्त्या चार?"

मंजुश्रीनं नावं वाचली. तिसऱ्या नावालाच सोजराबाईंना उमगलं.

"पोरी, ह्या चौघींचेबी नवरे मेलेले हायेत."

मंजुश्रीनं त्या चार नावांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाली, "सरांनी कुटुंबप्रमुखालाच विचारायला सांगितलं होतं. पुरुष असला की तोच सांगायचा, मंडळी घरीच असते. पुरुष नव्हता, तिथं बाई स्वतः बोलली."

उन्हाळ्यात आंबलेल्या वरणाचं झाकण काढावं, तशी शिसारी सोजराबाईंना आली.

"अन् आपल्या घरचं कोनं सांगतलं?"

"मामांनी."

मंजुश्रीचे सासरे अर्जुनराव खाटेवर चहा फुंकत होते. "अवं, तो काय सरकारी कागद हाये? पोरीचा अभ्यास हाये. तुह्यावाचून काय अडलं त्यात?"

"अडलं काईच नाही. मले शेतकरी व्हायले तुमची तिरडी उठायची वाट पाहा लागन, इतकंच."

"सकायच्या पारी काऊन अभद्र बोलून राह्यली?"

"मी कुठं? हा तक्ता बोलून राह्यला."

मंजुश्रीला हसू आलं नाही. "चाचणीत चूक नाही, आत्या. आकडेच घाण आहेत. असंच दिलं तर मी पास होते. पुन्हा एकेकीला विचारत फिरले, तर शनिवार हुकेल."

"वर्ष जाईन," अर्जुनराव म्हणाले.

वर्ष सुनेचं होतं. ते घालव म्हणायचा सोजराबाईंना हक्क नव्हता, आणि घालवू नको म्हणायला जीभ उचलत नव्हती.

मंजुश्रीनं तक्त्याची घडी करून बाजूला ठेवली आणि कोरा कागद पुढं ओढला.

"तुम्ही काय काम करता?"

साधा प्रश्न. पण सोजराबाईंची नजर आधी नवऱ्याच्या तोंडाकडे गेली. आपसूक. ती तिकडे गेलेली कळली, तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त किळस आली, आणि ती स्वतःची होती. अर्जुनरावांनी तर बोलायला तोंड उघडलंसुद्धा होतं.

"तुमी च्या प्या," त्या म्हणाल्या. "शेती करतो मी. लिही."

मंजुश्रीनं लिहिलं, चपला घातल्या आणि शेजारच्या घराकडे निघाली. किसनराव ओट्यावरच बसले होते; बायको सुवर्णा कुठं दिसत नव्हती.

"किसनरावले नको इचारू," सोजराबाईंनी मागून सांगितलं. "सुवर्णा मांगं गोठ्यात असन. सीधी तिकडं जाय."