उजेडबाबांचे थेंब

शर्टांच्या कारखान्यामागच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळी सुटली होती, पण घरी जायचं कुणाच्या मनातच नव्हतं. शिलाईवाल्या होत्या, इस्त्रीवाल्या होत्या, कापड कापणारे होते, आणि जिथे गर्दी दिसेल तिथे मान घुसवणारे गावातले रिकामटेकडेही होते. खिडक्यांवर काळं कापड ठोकलं होतं. पुढे लाकडी फळ्यांच्या मंचावर उजेडबाबा बसले होते. झगा पांढराशुभ्र, दाढी तेल लावून चोपलेली, आणि आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी.

"तुम्ही सगळे आंधळे आहात," बाबा प्रेमाने म्हणाले. माणसांना स्वतःला आंधळं म्हणवून घ्यायला फार आवडलेलं दिसलं, कारण सगळ्यांनी माना डोलावल्या. "डोळे आहेत, पण दार बंद आहे. पहाटे रानफुलावर पडलेलं दव मी आणलंय. ते दार उघडेल."

मग त्यांच्या शिष्याने रांगेतल्या बायकांच्या डोळ्यांत ड्रॉपरने दव घातलं. डोळे मिटून बसायचं आणि बाबांचं प्रवचन ऐकायचं. प्रवचन चांगलंच लांबायचं. ते का लांबायचं, हे पुढे कळेलच. ते संपलं की बाबा मंचावरच्या दिव्यावरचं कापड झटकन ओढायचे.

"अगं बाई! केवढं तेज!"

"दिव्याभोवती कडं आहे, कडं! मला दिसतंय!"

कुणी रडत होतं, कुणी शेजारणीच्या गळ्यात पडत होतं. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चष्मेवालीने मात्र कपाळावर हात मारून घेतला.

बाजारात तिचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासून नंबर काढायचं रीतसर शिक्षण तिने घेतलं होतं, आणि ते आत्याच्या जिवावर. आई गेल्यावर आत्याने शर्टांना काजं करून करून तिला वाढवलं, शिकवलं. त्याच आत्याचा एक डोळा काचबिंदूने गेला होता. दुसरा कसाबसा टिकून होता. आणि ती आत्या आत्ता पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पहिल्या बैठकीला नुसतं ऐकायचं, दुसरीला दव, असा बाबांचा नेम होता. म्हणजे पुढच्या आठवड्यात आत्याची पाळी.

घरी जाताना चष्मेवालीने विषय काढलाच. "आत्या, त्या माणसाचं काही डोळ्यात घालायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना?"

"डॉक्टरीणबाई!" आत्या उसळली. "तिचे थेंब कधीपासून घालतेय मी. चुरचुरतात तेवढे. एक टाका तरी जास्त दिसला का?"

"ते जास्त दिसायला नाहीत गं. आहे ते टिकायला आहेत."

"टिकायला, टिकायला! माझा डोळा आहे की बरणीतला माल? आणि वर तिला लेसर मारायचाय. इथे बघ, पहिल्याच दिवशी बायकांना उजेड दिसतो."

खरी अडचण चष्मेवालीला समजत होती. खऱ्या औषधाकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्याचं सगळं काम म्हणजे वाईट घडू न देणं, आणि जे घडलंच नाही ते दिसणार कसं? बाबांकडे मात्र थेंब पडला की तमाशा सुरू.

कारखान्यात तर निराळंच खूळ शिरलं होतं. दव घेतलेल्या बायकांना दुसऱ्या दिवशी सुईचं नेढं दिसेना. दूरचं ठीक, पण हातातलं सगळं धूसर. खरं तर घाबरायला हवं होतं. पण बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जवळचं धूसर झालं म्हणजे मोह सुटला. झालं! ज्या बायका डोळे मिटून सुई ओवायच्या, त्या आता "आज मला नेढं दिसलंच नाही" असं मिरवायला लागल्या. जिला दिसायचं ती बिचारी मान खाली घालून काम करायची. काजं वाकडीतिकडी होऊ लागली आणि मुकादमीण डोकं धरून बसली.

त्यातल्या दोघी-तिघी गुपचूप चष्मेवालीकडे नंबर काढायला आल्या. तिने त्यांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. उजेड पडला की डोळ्यातली काळी बाहुली आक्रसते, हे रोजचं बघणं. या बाहुल्या मात्र बटणाएवढ्या पसरलेल्या, आणि उजेडाला ढिम्म हलेनात. ती तडक गोदामामागे गेली. तिथे उकिरड्यावर धोतरा माजला होता. पांढरी कर्ण्यासारखी फुलं, काटेरी बोंडं. एका बाजूची झाडं कुणीतरी ओरबाडून नागडी केली होती. तिने एक फांदी कागदात गुंडाळली आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली.

"हे त्याचं दव," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी फांदी पाहिली आणि कपाटातून एक छोटी बाटली काढून तिच्या शेजारी ठेवली. "आणि हे माझं. ॲट्रोपीन. याच्यातलं द्रव्य त्या झाडात असतं. डोळ्याला आतून सूज आली की मी हेच घालते. फवारणीचं विष अंगात भिनलेल्या माणसालाही यानेच वाचवतात. पण माझ्या बाटलीत किती आहे ते मला माहीत असतं, आणि कुणाला घालायचं नाही तेही."

"आत्याला घातलं तर?"

"तिच्या डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट आधीच अरुंद आहे. बाहुली पसरली की ती वाट बुजते. दाब चढतो, नस मरते. काही तासांचा खेळ." त्यांनी फांदी परत कागदात गुंडाळली. "परवा इस्त्रीवालीच्या सासूला आणलं होतं. रात्रभर डोळा ठणकला, उलट्या झाल्या. मी तपासेपर्यंत डोळा गेला होता. बाबा म्हणे, पाप जळतंय, दवाखान्यात नेऊ नका."

चष्मेवालीच्या अंगाची लाही लाही झाली. डॉक्टरीणबाई आरोग्य खात्यात तक्रार करणार होत्याच, पण तिथून माणूस येईपर्यंत आत्याची पाळी येऊन गेली असती. आत्याला कोंडून ठेवणं शक्य नव्हतं. तिला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"बाई," चष्मेवाली म्हणाली, "माझ्या एका डोळ्यात तुमचं औषध घाला. एकाच."

"आठवडाभर त्या डोळ्याला जवळचं दिसणार नाही. दुकान कसं चालवशील?"

"एका डोळ्याने. आत्या सगळं करतेच की."

पुढच्या बैठकीला ती गोदामात शिरली तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी होती. बैठकीच्या सुरुवातीला बाबा आधी दव घेतलेल्यांना मंचावर बोलवत, त्यांची हनुवटी वर करत आणि बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे सगळ्यांना दाखवत. चष्मेवाली त्या रांगेत जाऊन उभी राहिली. खालून आत्याने तिला ओळखलं आणि तिचा आ वासलेलाच राहिला.

बाबांनी बॅटरी मारली आणि खूश झाले. "बघा, बघा! काळीभोर! उजेडासमोर झुकत नाही! दार सताड उघडलंय या बाईचं. माझ्या दवाची करणी!"

"पण बाबा, मी तुमचं दव कधी घेतलंच नाही."

बाबा क्षणभर चपापले. पण धंद्यात मुरलेला माणूस, लगेच सावरले. "न घेता उघडलं! ऐकलंत? माझ्या नुसत्या आवाजाने! काय ही श्रद्धा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आणि हा झाकलेला डोळा, बाबा? त्याचंही दार उघडलं असेल?"

"अगं, आत्मा एक, श्रद्धा एक. मग दोन डोळे वेगळे कसे असतील?"

"शाब्बास! हेच तुमच्या तोंडून हवं होतं," असं म्हणून तिने पट्टी ओढून काढली, बाबांच्या हातातली बॅटरी घेतली आणि स्वतःच्या डाव्या डोळ्यावर धरली. "या गं, जवळ या. नीट बघा."

उजवी बाहुली बटणाएवढी. डावी मोहरीएवढी, उजेड पडताच आणखी बारीक झालेली. पुढच्या बायका उठून मंचाशी आल्या, मागच्यांनी टाचा उंचावल्या.

"बाई एकच, श्रद्धा एकच. बाबाच म्हणाले. मग एकच डोळा का उघडला?" तिने खिशातून बाटली काढली. "कारण एकाच डोळ्यात मी दवाखान्यातलं हे औषध घालून आले. आणि यांचं दव म्हणजे या गोदामामागच्या उकिरड्यावरच्या धोतऱ्याचा रस. हा डोळ्यात गेला की बाहुली पसरते. जास्तीचा उजेड आत शिरतो, डोळा दिपतो, दिव्याभोवती कडं दिसतं. जवळचं धूसर होतं. मोहबिह काही सुटत नाही, जवळचं बघणारे स्नायू सुस्तावतात. आणि रसाला हे करायला वेळ लागतो, म्हणून एवढं लांबलचक प्रवचन! या उजव्या डोळ्याने मलाही बाबांचा दिवा तेजस्वी दिसतोय. डाव्याने बघितलं तर साधा बल्ब आहे, आणि त्याच्यावर धूळ बसलीय."

"हिला खाली उतरवा!" शिष्य धावला. "नास्तिक आहे! हिचं चष्म्याचं दुकान बसलंय म्हणून जळते!"

"हात लावून बघ," चष्मेवाली म्हणाली. ती जागची हलली नाही.

गर्दीत कालवा उठला. कुणी तिच्या बाजूने, कुणी बाबांच्या. तेवढ्यात आत्या उठली.

"बाबा, ही पोर खोटं बोलतेय असं मी धरून चालते. तुम्ही हे दव आमच्यासमोर स्वतःच्या डोळ्यांत घाला. मग मीही घालते. मला एकच डोळा उरलाय, तो मी तुमच्या शब्दावर लावते."

शिष्याने ड्रॉपर पुढे केला, बाबांनी तो मागे ढकलला. शिष्य बिचारा खरंच भक्त निघाला, त्याने पुन्हा पुढे केला.

"आत्ता नको रे!" बाबा खेकसले. "मला परत गाडी चालवत जायचंय!"

शब्द तोंडातून सुटले आणि बाबांचा चेहरा पडला.

काजं करणारी एक तरुण बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "म्हणजे तुम्हाला रस्ता दिसायला हवा, आणि आम्हाला सुई नको?"

मग जो गलका झाला तो झाला. इस्त्रीवाली बायकांना बाजूला सारत मंचावर चढली. "माझ्या सासूचा डोळा पापाने गेला म्हणालास! तिने आयुष्यात काय पाप केलं? दुसऱ्यांचे कपडे कडक केले, हे?" बाबा मागच्या दाराने निसटले, पण गाडीभोवती बायका आधीच उभ्या होत्या. कुणी बोटही लावलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, डॉक्टरीणबाईंनी फोन करून तातडीने बोलावलेला आरोग्य खात्याचा माणूस येईपर्यंत.

आत काही जण काठ्या शोधत होते. धोतरा उपटून जाळायचा म्हणून.

"झाडाने काय केलंय?" चष्मेवाली ओरडली. "ते विषही आहे आणि औषधही. काय होणार ते माप ठरवतं, आणि मापणाऱ्याची नियत. झाडाला मारू नका आणि त्याच्या पायाही पडू नका. कुणी तुमच्या डोळ्यात, तोंडात, कानात काही घालायला आलं, तर आधी विचारा. यात काय आहे? किती आहे? माझं काही बिघडलं तर तू कुठे सापडशील? आणि विचारल्यावर जो चिडेल, त्याच्यापुढे तोंड उघडू नका, डोळा तर नाहीच नाही."

गर्दी पांगली. आत्या मात्र बाकावर तशीच बसून होती. चष्मेवाली तिच्या शेजारी जाऊन बसली.

"हात लाव त्या डोळ्याला," आत्या म्हणाली. "दुखतोय का?"

"नाही गं. नुसतं धूसर आहे."

"माझ्यासाठी घातलंस?"

"तू ऐकत नव्हतीस ना!"

आत्याने तिच्या डोळ्यावर आलेली बट मागे सारली. मग म्हणाली, "खरं सांग. त्या लेसरने मला जास्त दिसेल?"

चष्मेवालीच्या मनात आलं, हो म्हणावं. एवढं सगळं झाल्यावर एक छोटंसं खोटं काय बिघडवणार होतं? पण तिने मान हलवली. "नाही आत्या. जास्त नाही दिसणार. आहे तेवढं राहावं म्हणून करायचाय. तो माणूस तुला तेज देत होता. माझ्याकडे एवढंच आहे."

"तू मला गोड बोलून फसवलं असतंस तर मी फसले असते."

"माहीत आहे."

"मग चल," आत्या उठत म्हणाली, "तुझ्या डॉक्टरीणबाई निघून जायच्या आत."