अभिजीतने वाढवून दिलेला स्पीड

माझ्या नवऱ्याला, म्हणजे अभिजीतला, कुठलीही वस्तू कंपनीने दिली तशी वापरण्यात कमीपणा वाटतो. बाइकचा सायलेन्सर बदलून झाला, मिक्सरची मोटर उघडून झाली, मिक्सर भंगारात गेला, आणि मग त्याची कृपादृष्टी माझ्या कंप्युटरवर पडली.

मी ॲनिमेशन करते. म्हणजे लग्नाआधी करायचे. पुण्याच्या एका स्टुडिओने परीक्षा म्हणून माझ्याकडून छोटीशी फिल्म मागवली होती: वाऱ्यावर उडणारी साडी. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची, पसंत पडली तर नोकरी. लग्नानंतर चालून आलेली ही पहिली संधी, आणि मला ती हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

बायकोचं भलं व्हावं म्हणून अभिजीतने काही व्हिडिओ पाहिले आणि कंप्युटरच्या प्रोसेसरचा स्पीड कंपनीने ठरवला होता त्याच्या वर नेऊन ठेवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. स्पीड वाढला की प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्यावर बसवायचा नवा मोठा कूलर आणला, धातूच्या पात्यांचा, पंखेवाला. तोही साहेबांनी स्वहस्ते बसवला. हे सगळं नागपूरच्या सक्करदऱ्यात, मे महिन्यात, जेव्हा टाकीच्या पाण्यात दुपारी थेट चहापत्ती टाकता येते. मुहूर्त काढावा तर असा!

शनिवारी दुपारी मी फिल्म तयार व्हायला लावली. पहिली चित्रं भराभर निघाली, मग कंप्युटर रेंगाळायला लागला. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल अक्षरं आली: थर्मल थ्रॉटलिंग.

"पाह्य वं, पाह्य!" अभिजीत खूश. "थ्रॉटल मारून राहिला तो!"

बाइकवाल्याला थ्रॉटल म्हणजे मूठ पिळणं एवढंच ठाऊक. मी सांगितलं, की फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू होतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात.

"हळू होते तर थ्रॉटल काहून म्हणतात मंग?"

"इंग्रजाइले विचार. आता हा थंडा कसा होईन ते सांग."

हा प्रश्न आमच्या घरात मोठ्याने विचारायचा नसतो. सासूबाई, मैनाबाई, आतून म्हणाल्या, "कूलरपुढं ठेव ना गा अभि त्याले."

झालं. नागपूरकराचा कूलरवर जेवढा भरवसा असतो तेवढा डॉक्टरवरही नसतो. अभिजीतने कॅबिनेटचं झाकण काढलं, हॉलमधला पाण्याचा कूलर ढकलत आणला आणि त्याचं तोंड थेट उघड्या मदरबोर्डाकडे केलं. वाळ्याचा छान वास आला. पाठोपाठ बारीक तुषारही आले. मी झडप घालून बटण बंद केलं.

"काहून बंद केला?"

"पाणी उडून राहिलं त्याच्यावर!"

"नळाचं आहे ना ते," तो दुखावून म्हणाला. "बोअरचं थोडी आहे."

मला रडू येत होतं. ऊन भिंतीवरून सरकत होतं आणि माझी साडी अर्धीसुद्धा उडाली नव्हती. एवढ्या हवेनंतरही प्रोसेसर शंभर अंशांवरच होता. मग त्या नव्या कूलरच्या पात्यांना मी भीतभीत बोट लावलं. स्वयंपाकघरातल्या ताटाहून जास्त गरम नव्हती ती. खाली आग आणि वर काहीच नाही, म्हणजे उष्णता वरपर्यंत पोचतच नव्हती.

मी कंप्युटर बंद केला, स्क्रू काढले, कूलर उचलून उलटा केला. तळाला प्लॅस्टिकची पन्नी होती. पारदर्शक, नवी कोरी, एक सुरकुती नसलेली. त्यावर ठळक इंग्रजीत लिहिलेलं, की बसवण्याआधी ही काढा.

"तू पाहिली नव्हती?"

"पाहिली ना. मुद्दाम ठेवली. नवीन वस्तू आहे, ओरखडे पडतात."

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. या घरात पन्नी काढणं म्हणजे वस्तू नासवणं. आमचा सोफा पन्नीत, टीव्हीचा रिमोट पन्नीत, गाडीच्या सीटा पन्नीत. पाहुणे उठले की चर्रकन आवाज होतो आणि सगळे दुसरीकडे बघतात. सासूबाईंनी येऊन कूलर न्याहाळला आणि मला विचारलं, "पूर्ण काढा लागते का वं? थोडीशी ठेवली तर?"

मी पूर्ण काढली. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी जुनी पेस्ट पुसली, ट्यूबमध्ये उरलेली लावली, कूलर पुन्हा बसवला आणि अभिजीतच्या डोळ्यांदेखत स्पीड कंपनीने दिला होता तितकाच केला. तो असा हळहळला जणू मी त्याची बाइक विकली. कंप्युटर मात्र निमूट कामाला लागला. दिवेलागणीला साडी उडाली. सासूबाईंचं माहेर कोष्ट्यांचं, हातमागावरचं. त्या स्क्रीनजवळ वाकून म्हणाल्या, "सुती आहे ना वं ही? पदरावरून समजून राहिलं." मला इतका आनंद झाला, की मी फिल्म पाठवायचं बटण दाबताना जवळजवळ विसरलेच होते परीक्षा आहे ते.

पुढच्या आठवड्यात माझ्या फोनवर स्टुडिओचा मेल आला. अभिजीतने माझ्या आधी वाचायला घेतला. "निवड झाली! म्हटलं होतं ना, प्रोसेसरमध्ये दम आहे!" लगेच मित्राला फोन लावायला निघाला, मग मेलची शेवटची ओळ वाचून थांबला. नोकरी पुण्यात, स्टुडिओत बसून करायची होती.

"त्याइले सांग ना, घरूनच करतो म्हणून," तो हळूच म्हणाला. "मी याचा स्पीड अजून वाढवून देतो तुले."

"अभिजीत, त्याइनं कंप्युटर नाही बोलावला. मले बोलावलं."

त्याचं उतरलेलं तोंड पाहून मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तरी मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि त्याच्यासमोर उत्तर लिहिलं, की मी येते आहे.

त्याने ते उत्तर दोनदा वाचलं आणि विचारलं, "तिथं प्रोसेसर कोणता देतात?"

"नाही विचारलं," मी म्हटलं. "मी कशी राहीन तिथं, ते विचार ना एकदा."