ब्याण्णव मार्कांची बोरिंग

आमच्या प्रभागात नगरपंचायतीचा निर्णय लोकांपर्यंत पोहोचायचा असेल, तर कोणीतरी मरावं लागतं.

हे मी नगरसेविका झाल्यावर शिकले. निवडून आल्याबरोबर मी समाजमंदिरात प्रभागसभा बोलावली. विषयपत्रिका छापली, चहा सांगितला. मी आले, शिपाई आला आणि सावली शोधत एक बकरी आली. दुसऱ्या सभेला बकरीही आली नाही. मयतीला मात्र घरटी एक माणूस येतोच. सरण पेटलं की घाटावर शोकसभा होते आणि कवटी फुटेपर्यंत कोणाला उठता येत नाही. इतके खिळून बसलेले श्रोते मला कॉलेजात केमिस्ट्री शिकवताना कधी मिळाले नव्हते.

अडचण एकच. आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत. आमची हद्द विसाव्यापर्यंत. तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदे बदलतात, पुरुष पुढे जातात आणि आम्ही घरी परततो. त्यामुळे प्रभागाला माहिती देण्याचं काम माझे यजमान तेजराम करतात. जागा महिलांसाठी राखीव होती, निवडून मी आले आणि लोक साहेब त्यांना म्हणतात. त्यांचं कृषी केंद्र आहे, आवाज खणखणीत आहे. "या दुःखद प्रसंगी बोलायला माझ्याजवळ शब्द नाहीत," असं म्हणून ते अर्धा तास बोलतात. "आजी फार प्रेमळ होत्या. त्यांच्या घरासमोरची नाली मंजूर झालेली आहे. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, आणि घरकुलाचे कागदपत्र सोमवारपर्यंत जमा करावे."

मंदिरासमोरच्या बोरिंगचं, म्हणजे हातपंपाचं, पाणी मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. बोरिंगला लागूनच वर्षानुवर्षं शेणखताचे ढीग पडतात, म्हणून शंका होती. रिपोर्ट आला. नायट्रेट ब्याण्णव, मर्यादा पंचेचाळीस. मोठ्या माणसाला हे पाणी लगेच काही करत नाही. तान्ह्या बाळाचं मात्र रक्तच ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळं पडू लागतं. आमच्या समोरच्या घरात मोनाचं बाळ दोन महिन्यांचं होतं. तिला दूध पुरत नव्हतं, आणि डब्याचं दूध ती याच पाण्यात कालवत होती.

मी ठराव मांडला. बोरिंग बंद, चौकात रोज टँकर. मंजूर झाला. त्याच दिवशी प्रभागातल्या म्हाताऱ्या कौशल्याबाई गेल्या. यजमान घाटावर निघत असताना मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि सगळं समजावलं. ते मान हलवत होते. नंतर लक्षात आलं की कानाला मोबाइल होता आणि मान युरियाच्या गाडीसाठी हलत होती.

घाटावर त्यांनी कागद उघडला. पुढचं मला मोनाच्या नवऱ्याने, मनिषने सांगितलं.

"साहेब म्हणाले, पासिंग पंचेचाळीस, अन् आपल्या बोरिंगले ब्याण्णव मार्क! जिल्ह्यात असं पाणी नाही म्हणाले. म्हणूनच नगरपंचायत ते आपल्यापासून हिसकून राहिली. टाळ्याच वाजणार होत्या मॅडम, पण मयत होती ना."

दुसऱ्या दिवशी हँडल काढायला आलेल्या कर्मचाऱ्यांना लोकांनी चहा पाजून परत पाठवलं. चहा त्याच पाण्याचा. टँकर भरलेला आला, भरलेला गेला. शेजारच्या प्रभागातले लोक सायकलला कॅन लटकवून येऊ लागले. मुलांच्या परीक्षा होत्या, ब्याण्णव मार्कांचं पाणी हवं होतं.

मी घरोघरी फिरले. मोनाची सासू गोदावरीबाई दारातच म्हणाली, "साहेब घाटावर बोलले जी. जळत्या सरणासमोर कोणी खोटं बोलते काय?"

"खोटं नाही, चूक बोलले."

"मंग घाटावरच सांगतीन ना. तुमी काहून उन्हात फिरून राहिल्या?"

"मी तं उकळून देतो ना पाणी," मोना हळूच म्हणाली.

"उकळल्यावर पाणी उडतं, नायट्रेट तिथेच राहतं. उलट दाट होतं."

मोनाने सासूकडे पाहिलं. सासूने बोरिंगकडे पाहिलं. बाळ बाटली चोखत होतं. मी त्याची नखं पाहिली. अजून गुलाबी होती.

घरी मी यजमानांना म्हटलं, चूक सुधारा.

"सुधारतो. पण त्याच्यासाठी मयत पाह्यजे."

"मोबाइलवर टाका."

"मोबाइलवर रोज कोणी ना कोणी लिंबानं शुगर बरी करते. कोण वाचते?"

मला त्यांचा राग आला, पण म्हणणं खरं होतं. मग मी एक लाजिरवाणी गोष्ट करू लागले. रोज सकाळी प्रभागातल्या म्हाताऱ्यांची तब्येत विचारत फिरायचं. सेवकरामजी महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते. मी गेले तर उठून बसलेले, पोह्यांची बशी हातात.

"तुमी कायले आल्या, समजते मले," ते म्हणाले. "तुमच्यासाठी गेलोच असतो बाई. पण धान कापाचं बाकी हाय."

शेवटी डोमाजी गेले. वय नव्वद, घर बोरिंगसमोर, कित्येक वर्षं तेच पाणी. पुरावा म्हणून याहून वाईट माणूस मला मिळाला नसता.

"आज दुरुस्ती करतो," यजमान निघताना म्हणाले.

विसाव्यावर तिरडी टेकली, खांदे बदलले, पुरुष पुढे गेले. बाया परतल्या. मी तिथेच थांबले, आणि माझ्यासाठी गोदावरीबाईही. घाट तिथून दिसतो, आणि आता घाटावर माइक आणि स्पीकर नेत असल्यामुळे ऐकूही येतो. थोड्या वेळाने धूर वर गेला आणि यजमानांचा आवाज आला.

"बोलायला माझ्याजवळ शब्द नाहीत. डोमाजी नव्वद वर्षं ठणठणीत जगले. कशाच्या भरवशावर? मित्रहो, ब्याण्णव मार्कांच्या—"

मी चालू लागले. मागून गोदावरीबाईंनी माझा पदर धरला. "कुठं चालल्या जी? बाईमाणसानं घाटावर नाही जाव."

"सभा आहे," मी म्हटलं. "माझ्याच प्रभागाची आहे."

त्यांनी पदर सोडला नाही. धरूनच माझ्यामागे आल्या.

आम्हाला पाहून यजमान खरोखरच निःशब्द झाले. मी माइक घेतला. वर्गातसुद्धा मी कधी आवाज चढवला नव्हता, तिथेही चढवला नाही.

"डोमाजींना माझा नमस्कार. रिपोर्टमधला आकडा हा मार्क नाही. हायवेवर पोलीस तोंडात नळी घालून फुंकायला लावतात, तसला आकडा आहे. कैलाशभाऊ, तुमचा किती आला होता?"

कैलाश सरणाच्या पलीकडे उकिडवा बसला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "चाळीस," तो म्हणाला.

"मग पेढे वाटले का?"

"गाडी जमा केली ना जी!"

कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. मग खोकल्याची साथच पसरली.

"तसंच आपल्या पाण्याचं आहे," मी म्हटलं. "डोमाजींना हे पाणी पचलं. ते दोन महिन्यांचे असताना तिथे बोरिंग नव्हती आणि शेणाचा ढीगही नव्हता. मोनाचं बाळ आज दोन महिन्यांचं आहे. बोरिंग बंद. टँकर रोज सातला."

मागच्या ओळीतला एक जण तोंड उघडून अर्धवट उठला. शोकसभेचा शेवट कशाने होतो, ते मला ठाऊक होतं.

"आता डोमाजींसाठी दोन मिनिटं मौन पाळू."

सगळे उभे राहिले. तोंड उघडलेल्याने ते मिटलं. यजमानांनीही हात जोडले. इतकी वर्षं ते बोलत आले, पण शोकसभेचा हा भाग सर्वांत उपयोगाचा असतो, हे त्यांना सुचलं नव्हतं.

घाटावरून परतताना पुरुष बोरिंगवर हातपाय धुतात. त्या दिवशी सगळे बोरिंगभोवती उभे राहिले आणि आधी हँडल मारायला कोणी धजेना.

"पाय धुतले तं जमते काय, मॅडम?" कैलाशने विचारलं.

"पाय धुवा. बाटलीत भरू नका."

सगळ्यांचे पाय धुऊन झाल्यावर मनिष घरातून पाना घेऊन आला. हँडल निघेपर्यंत त्याचा सदरा घामाने भिजला. गोदावरीबाई दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, मोनाच्या हातातली बाटली घेतली आणि दूध मोरीत ओतलं.

"तुमी घाटावर बोलल्या अन् साहेबानं खोडलं नाही, म्हणजे खरंच असन," मला एवढंच म्हणाल्या. "टँकर आमच्या दारासमोर उभा करजा."

सेवकरामजी काठी टेकत आले होते. हँडल नसलेल्या बोरिंगवर त्यांनी काठी ठोकून पाहिली.

"माझ्या वेळेस तुमीच बोलजा बाई," ते म्हणाले. "पण आधी नळ येऊ द्या. त्याच्याशिवाय मी मरत नाही."