चष्म्यासाठीचा खिसा

खरं तर माझ्या खिशानेच बोलायला हवं होतं, कारण गोष्ट त्याची आहे. पण तो सध्या कामावर गेलाय आणि मी इथे खुंटीवर लटकलेय. तेव्हा आता पिशवीचंच ऐकून घ्या. उझित्से गावच्या टपालवाल्यांची पिशवी मी. बैलाच्या चामड्याची, पट्टा दोनदा बदललेली. आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोटात ठेवून गप्प बसले, म्हणून आता बोलायला लागले की आवरत नाही.

मला शिवलं मिलिवोये नावाच्या कारागिराने. टपाल कचेरीची मागणी साधीच होती: आत तीन कप्पे, वर झाकण, रुंद पट्टा. मिलिवोयेने तेवढं केलं आणि मग उजव्या हाताला सहज सापडेल असा एक लहानसा खिसा पुढच्या बाजूला आपल्या मनानेच लावून टाकला. कचेरीतल्या साहेबाने मला उलटीपालटी करून पाहिलं.

"हा कशाला?"

"चष्म्यासाठी," मिलिवोये म्हणाला.

"आमच्या टपालवाल्याला चष्मा नाही."

"म्हातारपणी लागेल की, साहेब."

साहेब गालातल्या गालात हसला आणि त्याने सही केली. त्या खिशात काय पडतं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी आले रादोयकोच्या खांद्यावर. हा माणूस भरघोस मिशांचा आणि सावकाश बोलणारा. त्याचा भाग म्हणजे दोवार्येचा चढ आणि वरच्या टोकाला जुन्या कापडगिरणीच्या कामगारांच्या चार मजली इमारती. महिन्याचे इतर दिवस मी विजेची बिलं वाहायचे. बिलं आणणाऱ्याला कोण दार हसून उघडतं? पण पेन्शनचा दिवस म्हणजे माझा सणच. त्या दिवशी माझ्या पोटात घरोघर पोचवायच्या पेन्शनच्या नोटांची पुडकी असायची आणि जिन्याजिन्यात कॉफीचा वास.

तिसऱ्या मजल्यावर स्तामेन्का आजी. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कान अधू आणि आवाज खणखणीत. दारावर हातोडा मारला तरी तिला ऐकू यायचं नाही, पण पेन्शनच्या दिवशी रादोयकोचं पाऊल तळमजल्यावर वाजलं की ती कॉफी चुलीवर ठेवायची. मग चमचाभर आलुबुखारचा मुरांबा, पाण्याचा ग्लास, कॉफी आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात घरची दारू. पैसे मोजून, सही करून झाली की आजी शंभराची एक नोट टेबलावरून त्याच्याकडे सरकवायची.

"घे, कॉफीला."

"आत्ताच तर प्यालो. नको."

"ही दुसऱ्या कॉफीला."

"अहो आजी, खरंच नको."

"घेतोस की ओरडू?"

आजी ओरडली की खालच्या रस्त्यावरची कबुतरं उडायची, त्यामुळे रादोयको तिसऱ्यांदा घ्यायचाच. नोटेकडे न बघता दोन बोटांनी ती माझ्या खिशात सरकवायचा आणि गुडघे कसे आहेत ते विचारत उठायचा.

मला पहिली काही वर्षं हे कोडंच वाटे. पेन्शन आजीची, घाम गाळून मिळवलेली. पगार रादोयकोचा, कचेरीने दिलेला. दोघांचंही ज्याचं त्याला पोचलं, मग मध्येच ही नोट कसली? आणि देणारेही नाना परींचे. कोणी शेजारणीला ऐकू जावं म्हणून दार उघडं ठेवून द्यायचं. कोणी न दिल्यास पुढच्या वेळी पेन्शन उशिरा येईल या धास्तीने द्यायचं. एक आजोबा नाणी द्यायचे आणि प्रत्येक नाण्याला सुस्कारा सोडायचे.

आणि चौथ्या मजल्यावर होते निवृत्त न्यायाधीश वुकोसाव. ते दिनारही द्यायचे नाहीत, भाषण मात्र भरपूर द्यायचे.

"तुला पगार मिळतो ना? मग? चांगला निकाल दिला म्हणून मला कोणी बक्षिसी दिली असती, तर मी तुरुंगात गेलो असतो!"

"बरोबर आहे, साहेब," रादोयको म्हणायचा.

"सगळ्या इमारतीत तत्त्वाने न देणारा मी एकटा!"

"एकटेच, साहेब," रादोयको मान डोलवायचा आणि न्यायाधीश खूश व्हायचे.

त्या खिशातला पैसा कधी घरापर्यंत पोचला असेल तर शपथ. उतारावर यागोदाबाईंची पावाची भट्टी लागायची. तिथे साय-अंडं भरलेली गरम लेपिन्या, म्हणजे चपट्या पावाची रोटी, खायची आणि सुटे पैसे त्यांच्याकडेच राहू द्यायचे. संध्याकाळी खानावळीत बाजा वाजवणाऱ्याच्या भात्याच्या घडीत नोट खोचायची. एकदा आजीने दिलेल्या नोटेचा कोपरा फाटलेला होता. ती यागोदाकडे गेली, यागोदाने ती विजेच्या बिलापोटी टपाल कचेरीत भरली आणि पुढच्या पेन्शनला तीच नोट आजीच्या टेबलावर परत आली! आजीने फाटका कोपरा पाहिला आणि हसत हसत तीच पुन्हा रादोयकोपुढे सरकवली.

रादोयको निवृत्त झाला तेव्हा त्याने मला झोरित्साच्या खांद्यावर अडकवलं. गावातली पहिली टपालवाली बाई, चाळिशीची, पायाने चपळ, जिभेने त्याहून. "एकच सांगतो पोरी," तो म्हणाला, "हा पुढचा खिसा कधी रिकामा ठेवू नकोस." झोरित्साने "बरं काका" म्हटलं आणि त्यात एक सफरचंद ठेवलं.

तिचाही दोष नव्हता. त्याआधी कैक वर्षं तिने डोंगरावरच्या एका हॉटेलात जेवण वाढलं होतं. मालक पगार द्यायचा नावापुरता. "पाहुणे सढळ आहेत, बाकीचं तिकडून काढ," म्हणायचा. मग दारुड्यांच्या शिळ्या विनोदांना हसायचं. एका पाहुण्याने तर टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये नोट टाकली आणि ती निथळवून उचलताना तिची गंमत बघत बसला. टपालखात्याचा पहिला पूर्ण पगार हातात आला तेव्हा तिने ठरवलं, आता कोणापुढे हात पसरायचा नाही. मला तिचं म्हणणं पटलं होतं, अगदी आजही पटतं.

पहिल्या पेन्शनला आजीने मुरांबा दिला, कॉफी दिली आणि नोट सरकवली.

"घे गं, कॉफीला."

"नको आजी. मला पगार आहे. आणि तुमच्या एवढ्याशा पेन्शनमधून कशाला? तुम्हालाच औषधाला लागतील."

बोलली ती मायेनेच. पण आजीचा हात तिथेच थांबला. तिने नोट उचलून सावकाश घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवली. त्या दिवशी झोरित्सा प्रत्येक दारात हेच बोलली, आणि आम्ही जिना उतरत असताना वर कुजबुज सुरू झाली. आजीची कुजबुज म्हणजे काय, मला सगळं ऐकू आलं.

"आपल्याला भिकेला लागलेले समजते ही! माझ्या पेन्शनला एवढीशी म्हणाली!"

न्यायाधीश तेवढे आनंदले. पण तो आनंदही टिकला नाही. पुढच्याच महिन्यात ते कुरकुरले, "आता सगळेच देत नाहीत. मग माझ्या तत्त्वाला किंमत काय राहिली?"

त्या महिन्यात एकाही जिन्यात कॉफीचा वास नव्हता. आजीने दार साखळी न काढताच उघडलं, फटीतूनच पैसे घेतले, फटीतूनच सही केली.

"आजी, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? बँकेत चौकशी करून आलेय. अजून एकदा तू येशील, मग माझी पेन्शन तिकडेच. तिथे भिंतीतून पैसे येतात. भिंत कोणाला बिचारी म्हणत नाही."

दार बंद झालं. बँक दोवार्येच्या पायथ्याशी, आजीचे गुडघे तसे, आणि हिवाळ्यात तो उतार म्हणजे काच. आजीपाठोपाठ शेजारणीही बँकेचं बोलायला लागल्या. कचेरीतल्या साहेबाने झोरित्साला बोलावून सांगितलं, "पेन्शनी बँकेत गेल्या की त्या चढाला वेगळी टपालवाली ठेवायचं कारण उरत नाही. दुसरीकडे जागा नाही. बघ बाई, काय करतेस ते." झोरित्साचा चेहरा उतरला. हॉटेलचा मालक अजून माणसं शोधतच होता, हे तिला माहीत होतं.

तिसऱ्या पेन्शनच्या सकाळी रस्त्यावर बर्फ गोठलेलं. आम्ही यागोदाच्या भट्टीत शिरलो. आता एक गंमत सांगते. झोरित्सा स्वतः घेत नसली तरी देत मात्र होती. खाणं झालं की सुटे पैसे फळीवर ठेवून "राहू द्या" म्हटल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्या दिवशीही तिने ठेवले. यागोदाने ते हळूच परत सरकवले.

"असू दे गं. ऐकलं मी तुझ्या नोकरीचं. तुलाच लागतील."

झोरित्सा लाल झाली. "भिकारीण वाटले का मी तुम्हाला? नोकरी जाईल तेव्हा जाईल, भट्टीवालीला दोन पैसे द्यायची ऐपत आहे अजून माझी!" तिने नाणी अशी आपटली की एक गडगडत पिठात गेलं.

यागोदा बघतच राहिली. झोरित्साही. नाण्यांवरचा हात तिने उचलला नव्हता, आणि तिचा चेहरा अगदी त्या दिवशी आजीचा झाला होता तसा झाला होता. मला तर ओरडून सांगावंसं वाटलं, पण पिशवीला तोंड असलं तरी आवाज नसतो. गरजही पडली नाही. ती एकाएकी कपाळावर हात मारून हसायला लागली. "अगं बाई! मी गाढव आहे हो, यागोदाताई!" म्हणाली आणि अर्धी लेपिन्या तशीच टाकून चढाला लागली.

आजीच्या दाराची साखळी लागलेलीच होती.

"आजी, कॉफी नाही ठेवली?"

"कॉफी पाहुण्याला असते. तू सरकारी."

"मग पाहुणी म्हणून आले. बर्फातून आलेय, उघडा."

पाहुण्याला दारात उभं ठेवणं आजीच्या रक्तात नव्हतं. साखळी निघाली. झोरित्सा स्वयंपाकघरात जाऊन बसली, मला मांडीवर घेतलं, माझ्या खिशातलं सफरचंद काढून टेबलावर ठेवलं आणि खिसा उलटा करून दाखवला.

"रादोयकोकाकांनी सांगितलं होतं, हा रिकामा ठेवू नकोस. मला वाटलं, म्हातारा पैशाला चटावलाय. आजी, माझं चुकलं. तुम्हाला मी गरीब समजले नव्हते. मला परत कोणाची लाचारी करायची नव्हती, एवढंच." आणि बिअरमधल्या नोटेची हकिगत तिने आजीला पहिल्यांदाच सांगितली.

आजीने ती कानावर हात धरून ऐकली. "मेला कुठला!" ती त्या पाहुण्यावर खेकसली. "अगं, तो विकत घेत होता तुला. मी कशाला घेऊ? महिनाभर मी नुसती घेतेच. डॉक्टर देतो, मुलगा पाठवतो, शेजारीण पिशव्या वर आणून देते. एक दिवस माझा हात देणाऱ्याचा, वरचा असतो. तोही तू खाली केलास."

झोरित्साचे डोळे भरले. आजी पुटपुटत उठली, कॉफी झाली, मुरांबा आला, सही झाली. मग जपून, जरा घाबरतच, आजीने शंभराची नोट पुढे सरकवली.

"घे, कॉफीला."

झोरित्साने ती लगेच उचलली.

"अगं ए!" आजी किंचाळली, बाहेरची कबुतरं उडाली. "अशी झडप काय घालतेस? आधी नको म्हणायचं असतं! काही रीतभात आहे की नाही?"

नोट परत टेबलावर गेली. झोरित्सा हसू दाबत म्हणाली, "नको, आजी."

"घे गं."

"अहो, खरंच नको."

"घेतेस की ओरडू?"

"ओरडून झालंय तुमचं," झोरित्सा म्हणाली, आणि न बघता दोन बोटांनी नोट माझ्या खिशात आली. इतक्या महिन्यांनी! मला गुदगुल्या झाल्या.

"मग बँकेचं काय, आजी?"

"बँकेत कॉफी मिळते होय?" म्हणत आजीने जिन्यात डोकं काढलं आणि बातमी दिली, "घेतली गं तिने!" वरची-खालची दारं उघडली. त्या दिवशी झोरित्सा इतकी कॉफी प्याली की शेवटच्या सह्या तिच्या हातातल्या कागदासकट थरथरत होत्या. चौथ्या मजल्यावर न्यायाधीश छाती काढून उभे होते. "मी देणार नाही! तत्त्व आहे माझं!" "बरोबर आहे, साहेब," झोरित्सा म्हणाली, "तसे तुम्ही एकटेच." त्यांनी तिचा हात इतका वेळ हलवला की तेवढ्यात दोन दारं झाली असती.

चढ झोरित्साकडेच राहिला, आणि मी आणखी बरीच वर्षं चढले-उतरले. मग कचेरीने निळ्या नायलॉनच्या पिशव्या आणल्या. हलक्या, पाण्यात न भिजणाऱ्या, पण सपाट. जुनी पिशवी कोणाला हवी तर न्या म्हणाले, झोरित्साने मला घरी आणलं. त्याच संध्याकाळी कात्री घेऊन माझा पुढचा खिसा टाका टाका जपून उसवला आणि त्या निळ्या पिशवीवर शिवला. दुखलं, खोटं का बोलू? पण मिलिवोयेच्या टाक्यांपेक्षा तिचे टाके जास्त घट्ट आहेत.

कचेरीत नव्या साहेबाने म्हणे विचारलं, "हा चामड्याचा तुकडा कशाला?"

"चष्म्यासाठी," झोरित्सा म्हणाली. ती अजून चष्मा लावत नाही.

तेव्हा वाचकहो, बक्षिसी शहाणपणाची की वेडेपणाची, हे मला विचारू नका. हिशेबात ती बसत नाही, एवढं मी पाहिलंय. काम करणाऱ्याचा पगार मारून "बाकीचं लोक देतील" म्हणणाऱ्या मालकाला तुम्ही फैलावर घ्या; त्यात मी झोरित्साच्या बाजूची. देताना समोरच्याला वाकायला लावू नका. आणि कोणी प्रेमाने काही पुढे सरकवलं, तर त्याचा देणारा, वरचा हात खाली पाडू नका.

माझ्या अंगावर खिशाच्या जागी एक चौकोन राहिलाय. त्याला ऊनपाऊस लागला नाही, त्यामुळे तो शिवला त्या दिवशीसारखा तांबूस आहे. आज पेन्शनचा दिवस. खिसा दोवार्येच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर पोचला असेल. आत्तापर्यंत दोनदा "नको" म्हणून झालं असेल.