राबींची जागा

बेकरीवरच्या भाड्याच्या खोलीत मूठभर ज्यू कुटुंबं प्रार्थनेला जमायची, तिथून वाढत वाढत ही प्रार्थनामंडळी शहरातली सगळ्यात मोठी झाली. आता त्यांचं प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, दर शनिवारी माणसांनी फुलून जायचं. हा पसारा त्यांच्या धर्मगुरूंनी, थोरल्या राबींनी, उभा केला होता. पण अलीकडे त्यांचं वय बोलू लागलं होतं. एका शनिवारी त्यांनी मागच्याच आठवड्याचं प्रवचन शब्द न बदलता पुन्हा केलं. भरल्या सभागृहात कुणी ब्र काढला नाही.

सिनेगॉगच्या समितीत मात्र बराच खल झाला, आणि मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम अध्यक्षबाईंवर आलं. बाई दातांच्या डॉक्टर. परक्याचा दात उपटताना हात कापायचा नाही. पण राबींनी त्यांचं लग्न लावलं होतं, आणि नवरा गेला तेव्हा रोज संध्याकाळी ते नुसते येऊन बसायचे. आता त्यांनाच 'पुरे करा' कोणत्या तोंडाने सांगायचं?

बाई राबींच्या घरी गेल्या, हवापाण्याचं बोलल्या, चहा निवला. शेवटी राबीच म्हणाले, "अगं, दात कधीचा हलतोय. उपट एकदाचा."

बाईंचे डोळे भरले.

"माझ्या आधीच्या राबींना हेच सांगायला मलाच पाठवलं होतं," ते म्हणाले. "वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी. तेव्हाच ठरवलं, माझ्याकडे जो येईल त्याला असं छळायचं नाही."

त्यांचं मागणं एकच होतं. जन्मभर ते व्यासपीठावर आणि बायको खाली बाकावर. आता तिच्या शेजारी बसायचं होतं.

ती जागा घड्याळं दुरुस्त करणाऱ्या टिकटिककाकांची. जागेवरून ते कुणाशीही भांडत, त्यामुळे बाई तयारीनिशीच गेल्या. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"वहिनींना एकटं वाटू नये म्हणून बसत होतो," ते म्हणाले. "आता धनीच आलाय, तर मी कशाला?"

पुढच्या महिन्यात नव्या राबी, एक तरुण स्त्री, पहिल्यांदा प्रवचनाला उभ्या राहिल्या. दोन वाक्यं होतात न होतात, तोच थोरले राबी बायकोच्या कानाशी लागून काहीतरी सुधारू लागले.

"गप्प बसा हो," वहिनी समोर बघत म्हणाल्या, "मला ऐकू द्या." आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बसल्या.